क्लाउडवर काय न्यायचे, केवढे आणि कोणत्या क्रमाने? वाचकांचे प्रश्न

कंपनीचे सर्व्हर क्लाउडवर हलवण्याबद्दल आलेली बहुतेक पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात. निरनिराळ्या यंत्रणांमधली माहिती एका जागी आणणारा ‘एकत्रित डेटा प्लॅटफॉर्म’ आधी उभारावा का, आणि उभारला तर त्याला विचारायचे काय? त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरे दिली आहेत. कंपन्यांची आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. ६० सर्व्हर आहेत, बहुतेक व्हर्च्युअल (एका भौतिक यंत्रावर सॉफ्टवेअरने उभी केलेली अनेक मशीन). सर्व्हरची यादी एक्सेलमध्ये, मॉनिटरिंग एका टूलमध्ये, बॅकअप दुसऱ्यात, फायरवॉलच्या नोंदी तिसऱ्यात. सल्लागार म्हणतात, स्थलांतराआधी एकत्रित प्लॅटफॉर्म विकत घ्या. खरोखर गरज आहे का? (आयटी व्यवस्थापक, चाकण)

माहिती एकत्र आणण्याची गरज नक्की आहे. त्यासाठी मोठे उत्पादन विकत घ्यावेच लागेल असे मात्र नाही. ६० सर्व्हरसाठी एक पोस्टग्रेस डेटाबेस, मोजमापांसाठी प्रोमिथिअस आणि पाहण्यासाठी ग्राफाना एवढ्यावर काम भागते. सर्व्हर पाचशेच्या पुढे गेले, चार-पाच शहरांत विखुरलेले असले किंवा सुरक्षा विभागालाही तोच डेटा हवा असला, तर तयार उत्पादनाचा विचार करावा.

सुरुवात यादीपासून करा आणि एक्सेल बाजूला ठेवा. यादी सहा ठिकाणांहून नव्याने ओढा: व्हीसेंटर किंवा हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारी सॉफ्टवेअर), अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (वापरकर्ते व संगणक यांची विंडोजची मध्यवर्ती नोंदवही), डीएनएस व डीएचसीपी (नावावरून पत्ता शोधणारी आणि मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा), बॅकअपचे टूल, अँटीव्हायरसचा कन्सोल आणि खरेदी खात्याकडची लायसन्सची बिले. मग त्या एकमेकींशी ताडून पाहा. बॅकअपमध्ये आहे पण व्हीसेंटरमध्ये नाही, असे मशीन बहुधा शॉप फ्लोअरवर टेबलाखाली ठेवलेला जुना पीसी असतो आणि वजनकाट्याचे किंवा बारकोडचे सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालत असते. व्हीसेंटरमध्ये आहे पण बॅकअपमध्ये नाही, तर ते मशीन बिनकामाचे तरी आहे किंवा वाऱ्यावर सोडलेले तरी. हा विसंगतींचा तक्ता प्लॅटफॉर्मचे पहिले फळ असतो, आणि एवढ्यावरच काही सर्व्हर ‘बंद करायचे’ या रकान्यात जातात.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या ‘शेवटचा लॉगऑन’ या तारखेबद्दल एक सावधगिरी. डोमेन कंट्रोलरांमध्ये (ही नोंदवही सांभाळणाऱ्या सर्व्हरांमध्ये) वाटली जाणारी ती तारीख मुद्दाम सावकाश बदलते, ९ ते १४ दिवस मागे असू शकते. त्यामुळे १० दिवसांपूर्वीची तारीख पाहून कुणालाही मृत ठरवू नका. ३० दिवसांच्या पुढे गेलेल्यांचीच चौकशी करा.

खरी अडचण येते ती नोंदी जोडताना. एकाच सर्व्हरला मॉनिटरिंगमध्ये छोटे नाव असते, बॅकअपमध्ये डोमेनसकट पूर्ण नाव असते आणि फायरवॉलमध्ये नुसता आयपी. आयपीला ओळख मानले तर डीएचसीपीने पत्ता बदलला की दोन मशीनचा इतिहास एकमेकांत मिसळतो. नावाला ओळख मानले तर जुन्या नावाने नवे मशीन उभे केले की पुन्हा तोच घोळ. ओळख म्हणून व्हर्च्युअल मशीनचा यूयूआयडी (त्याला मिळालेला एकमेव क्रमांक) घ्या आणि भौतिक सर्व्हरला अनुक्रमांक. नावे व आयपी वेगळ्या तक्त्यात ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशा नोंदींसह ठेवा. यूयूआयडीही डोळे झाकून मानू नका. मशीनच्या फाइल हाताने कॉपी करून दुसरे उभे केले आणि विचारणा आल्यावर ‘मूव्ह’ निवडले, तर दोघांचा यूयूआयडी एकच राहतो. जोडणी होण्यापूर्वी दुबार यूयूआयडी शोधणारी एक चाचणी रोज चालवा.

एवढे झाले की चार तक्ते पुरतात: सर्व्हर, मोजमापे, जोडण्या आणि अ‍ॅप्लिकेशन. शेवटचा तक्ता कोणतेही टूल आपोआप भरून देत नाही. त्यात अ‍ॅप्लिकेशनचा मालक लिहायचा, आणि तो आयटीतला नको. वेतनाच्या सॉफ्टवेअरचा मालक मनुष्यबळ विभागाचा, डिस्पॅचचा मालक स्टोअर्सचा. शिवाय किती तास बंद राहिले तर चालेल, किती तासांचा डेटा गेला तर चालेल आणि कोणत्या तारखांना हात लावायचा नाही, हे तीन रकाने त्याच मालकाकडून भरून घ्या. ऑपरेटिंग सिस्टिम व डेटाबेसची आवृत्तीही सर्व्हरच्या तक्त्यात हवीच. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची मुदत १४ जुलै २०२६ अशी आहे. पुष्कळदा क्रम ठरवताना या तारखाच सगळ्यात वजनदार ठरतात.

प्रश्न : आमच्या ईआरपी (खरेदी, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) सर्व्हरचा सीपीयू वापर सरासरी १३ टक्के दिसतो. पुरवठादार म्हणतो, क्लाउडवर निम्म्या आकाराचे मशीन पुरेल. मान्य करावे का? (सूतगिरणी, इचलकरंजी)

आधी त्याला विचारा, ही सरासरी किती वेळाची आहे. व्हीसेंटर ताजी मोजमापे दर २० सेकंदांनी घेते, पण ती तासभरच ठेवते. त्यानंतर मूळ सेटिंगमध्ये एक दिवसापर्यंत ५ मिनिटांची, आठवडाभरापर्यंत ३० मिनिटांची, महिन्यापर्यंत २ तासांची आणि वर्षापर्यंत एका दिवसाची सरासरी उरते. म्हणजे गेल्या महिन्याचा आलेख काढला की त्यातला प्रत्येक बिंदू २ तासांचा असतो. त्या २ तासांत १० मिनिटे सीपीयू १०० टक्क्यांवर अडकला असेल आणि उरलेली ११० मिनिटे ५ टक्क्यांवर असेल, तर सरासरी येते १२.९ टक्के. तुमचे १३ टक्के असेही असू शकतात. त्या १० मिनिटांत कारकून स्क्रीनकडे बघत बसले होते, हे आलेखात दिसत नाही.

म्हणून स्थलांतर ठरले की लगेच मोजमापे वेगळी साठवायला सुरुवात करा: दर मिनिटाला, निदान ३५ दिवस. ३५ अशासाठी की एक पूर्ण महिनाअखेर, ७ तारखेचा टीडीएस भरणा, ११ तारखेचा जीएसटीआर-१, २० तारखेचा ३बी (दोन्ही जीएसटीची मासिक विवरणपत्रे) आणि पगाराचा दिवस, सगळे त्यात यावे. प्रोमिथिअस वापरत असाल तर त्याची मूळ साठवण १५ दिवसांचीच असते. पहिल्याच दिवशी ती वाढवली नाही, तर महिनाअखेर हातातून निसटते.

दुसरा सापळा ‘९५ वा पर्सेंटाइल’ या आकड्यात आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडच्या ‘अझुर मायग्रेट’सारखी मूल्यमापनाची साधने तो सर्रास वापरतात. त्याचा अर्थ सगळ्यात जड ५ टक्के वेळ सोडून द्यायचा. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास, त्याचे ५ टक्के म्हणजे ३६ तास. तुमचे महिनाअखेरचे क्लोजिंग २० तास चालत असेल तर ते सगळेच्या सगळे या ३६ तासांत मावते आणि हिशेबातून नाहीसे होते. वेब सर्व्हरला ९५ वा पर्सेंटाइल ठीक. ईआरपी आणि वेतनासाठी मात्र महत्त्वाच्या तारखांची खिडकी वेगळी काढा, त्या खिडकीचाच ९५ वा पर्सेंटाइल पाहा आणि दोन्हींत जो आकडा मोठा तो धरा. मूल्यमापनाच्या साधनात कालावधी एक दिवस, एक आठवडा की एक महिना निवडला आहे, तेही तपासा. मंगळवारी एका दिवसाचे माप घेऊन केलेला अहवाल दिसायला तितकाच देखणा असतो.

मार्चएंड ३५ दिवसांत येणार नाही. त्यासाठी ईआरपीतूनच गेल्या मार्चच्या आणि एखाद्या साध्या महिन्याच्या व्हाउचरांची संख्या काढा. अडीचपट असेल, तर सीपीयूही साधारण तेवढा वर जाईल असे धरून तात्पुरता मोठा आकार घेण्याची तारीख आत्ताच नोंदवून ठेवा. आकार बदलताना मशीन पुन्हा सुरू करावे लागते. ते ३१ मार्चला दुपारी करायचे नसते.

मेमरीचे माप गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या, ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतून घ्या. बाहेरून हायपरव्हायजरला (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिसणारा ‘सक्रिय’ आकडा डेटाबेस सर्व्हरच्या बाबतीत फसवतो. एसक्यूएल सर्व्हर दिलेली मेमरी पकडून बसतो आणि त्यातला थोडाच भाग एका वेळी हलता दिसतो. तो आकडा पाहून मेमरी निम्मी केली की सगळा भार डिस्कवर येतो.

प्रश्न : कोणता सर्व्हर आधी न्यायचा हे कसे ठरवायचे? आम्ही ‘सोपे आधी, अवघड नंतर’ असे ठरवले होते, पण पहिल्याच टप्प्यात न हलवलेले तीन रिपोर्ट बंद पडले. (औषध वितरण कंपनी, नाशिक)

सोपे-अवघड हे सर्व्हरपुरते पाहिले असेल तर असे होणारच. क्रम ठरतो जोडण्यांवरून. जोडण्यांचा तक्ता पुढच्या रकान्यांचा ठेवा: कुठून, कुठे, कोणते पोर्ट, किती वेळा, किती बाइट, पहिल्यांदा कधी दिसली, शेवटची कधी. प्रत्येक तासाची एक गोषवारा-नोंद पुरते.

ही माहिती तीन प्रकारे मिळते आणि तिन्हींत भोके आहेत. सर्व्हरवर दर ५ मिनिटांनी चालू जोडण्यांची यादी घेतली तर दोन सेकंदांत उघडून बंद होणाऱ्या जोडण्या हुकतात, आणि तुमचे तीन रिपोर्ट याच जातीचे असावेत. स्विचवरून नेटफ्लो (नेटवर्कवरच्या वाहतुकीचा गोषवारा) घेतला आणि तो हजारात एक पॅकेट असा नमुना घेत असेल, तर छोट्या जोडण्या दिसतच नाहीत. फायरवॉलच्या नोंदी पूर्ण असतात, पण एकाच नेटवर्कमधले दोन सर्व्हर आपापसांत बोलले तर फायरवॉलला त्याची खबरही नसते, आणि नॅटच्या (अनेक मशीन एकाच पत्त्याआड ठेवणाऱ्या सोयीच्या) पलीकडचे सगळे एकाच आयपीने दिसतात. म्हणून तिन्ही एकत्र करा. महत्त्वाच्या विंडोज सर्व्हरवर सिसमॉन (मशीनवरच्या घटनांची नोंद ठेवणारे मायक्रोसॉफ्टचे साधन) बसवून त्यातली घटना क्रमांक ३, म्हणजे नेटवर्क जोडणी, चालू करा. ती मुळात बंद असते. ती प्रत्येक जोडणीसोबत प्रोग्रॅमचे नावही देते, त्यामुळे पोर्ट १४३३ वर (एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या पोर्टवर) आलेली जोडणी ईआरपीची आहे की कुणाच्या एक्सेलची, हे कळते. नाशिकच्या पत्रातल्या तीन रिपोर्टांच्या मागे अशी एक्सेल फाइलच असण्याची शक्यता आम्हाला जास्त वाटते.

तक्त्यातून काही गोष्टी आधीच वेगळ्या काढा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, डीएनएस, बॅकअप, अँटीव्हायरस आणि मॉनिटरिंग यांच्याशी प्रत्येक सर्व्हर बोलतो. त्या रेषा ठेवल्या तर नकाशात सगळेच सगळ्यांशी जोडलेले दिसते आणि गट पडत नाहीत. त्यांना ‘सामायिक सेवा’ म्हणून बाजूला काढून उरलेल्या रेषांवरून गट पाडा. साधारण ५ ते १२ सर्व्हरचा गट हाताळायला बरा पडतो.

मग प्रत्येक गटाच्या हद्दीवरून जाणाऱ्या रेषा मोजा, कारण स्थलांतरानंतर त्या रेषाच लीज्ड लाइनवरून (कंपनीने भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र लाइनवरून) धावणार आहेत. इथे बाइटपेक्षा फेऱ्यांची संख्या महत्त्वाची. एक स्क्रीन उघडताना अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसला ४०० वेळा विचारत असेल आणि कार्यालयातल्या नेटवर्कवर प्रत्येक फेरीला अर्धा मिलिसेकंद लागत असेल, तर ०.२ सेकंद जातात. डेटाबेस क्लाउडवर नेला, अ‍ॅप्लिकेशन इथेच राहिले आणि फेरी १२ मिलिसेकंदांची झाली, की तोच स्क्रीन ४.८ सेकंद घेतो. बँडविड्थ दुप्पट करून यात तसूभर फरक पडत नाही. असे दोन सर्व्हर एकाच रात्री हलवायचे, हाच नियम. स्वतःच्या लाइनवरून फेरीचा वेळ मोजून पाहा: एडब्ल्यूएसची (अमेझॉनच्या क्लाउडची) मुंबई व हैदराबाद, अझुरची पुणे, चेन्नई व मुंबई आणि गूगलची मुंबई व दिल्ली अशी केंद्रे भारतात आहेत. नकाशावर जवळ दिसणारे केंद्र तुमच्या सेवादात्याच्या मार्गाने जवळ असेलच असे नाही.

कोणत्याही टूलच्या नकाशात न दिसणाऱ्या किंवा दिसूनही दुर्लक्षिल्या जाणाऱ्या जोडण्या अशा:

– बँकेशी होस्ट-टू-होस्ट फाइल देवाणघेवाण आणि ई-इनव्हॉइसची थेट एपीआय जोडणी. समोरच्या बाजूला तुमचा सार्वजनिक आयपी नोंदवलेला असतो. क्लाउडवर गेल्यावर तो बदलतो आणि पहिल्याच सकाळी बिले अडकतात. नव्या आयपीची नोंदणी दोन-तीन आठवडे आधी सुरू करा.
– कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नावाऐवजी थेट लिहिलेला आयपी. सगळ्या सर्व्हरवरच्या कॉन्फिगरेशन फाइल, ओडीबीसीच्या (डेटाबेस-जोडणीच्या) नोंदी आणि एसक्यूएल सर्व्हरचे लिंक्ड सर्व्हर यांत जुने आयपी शोधणारी स्क्रिप्ट चालवून निकाल जोडण्यांच्या तक्त्यातच टाका, ‘न दिसलेली पण लिहिलेली जोडणी’ म्हणून.
– लायसन्सची यूएसबी डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालण्यासाठी मशीनला लावावी लागणारी किल्ली. ती नेटवर्कवर बोलत नाही, त्यामुळे डोळ्यांनीच शोधावी लागते.
– स्कॅनर आणि प्रिंटर. स्कॅन थेट शेअर्ड फोल्डरमध्ये टाकणारी यंत्रे, लेबल प्रिंटर, आणि अंतर्गत मेल सर्व्हरवरून पहचान न देता मेल पाठवणारी उपकरणे.
– तिमाहीत एकदाच चालणारी कामे. ती ३५ दिवसांत दिसणार नाहीत, म्हणून टास्क शेड्युलर, क्रॉन आणि एसक्यूएल एजंट या ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या साधनांतल्या कामांच्या याद्या वेगळ्या ओढा.

क्रम लावताना पहिल्या टप्प्याला असा गट निवडा की ज्याच्या हद्दीवरून कमीत कमी रेषा जातात, पण ज्यात एक डेटाबेस आहे आणि ज्याला रोज कुणीतरी वापरते. कुणीच वापरत नसलेला चाचणी सर्व्हर आधी नेऊन काही शिकायला मिळत नाही.

प्रश्न : हा प्लॅटफॉर्म कार्यालयात ठेवावा की क्लाउडवर? (नागपूर)

क्लाउडवर ठेवा, आणि शक्यतो ज्या खात्यात सर्व्हर नेणार आहात त्यापेक्षा वेगळ्या खात्यात. स्थलांतराच्या रात्री कार्यालयातले नेटवर्क आडवे झाले तरी आकडे दिसायला हवेत.

जागेचा हिशेब मोजमापांना नगण्य आहे. ६० सर्व्हर, प्रत्येकी १५० मोजमापे, दर मिनिटाला, म्हणजे दिवसाला सुमारे १ कोटी ३० लाख नोंदी. प्रोमिथिअसला एका नोंदीला १ ते २ बाइट लागतात, तेव्हा दिवसाला फार तर २६ एमबी. फायरवॉलच्या नोंदींचे तसे नाही. सेकंदाला ३०० नोंदी आणि प्रत्येकी ६०० बाइट धरले तर दिवसाला साडेपंधरा जीबी होतात, ९० दिवसांत १.४ टीबी. जीबीवर बिल लावणारे उत्पादन घेतले असेल तर खर्च इथेच फुगतो. कच्च्या नोंदी कार्यालयात स्वस्त डिस्कवर ठेवा आणि तासागणिक गोषवारा तेवढा वर पाठवा.

कच्च्या नोंदी फेकून मात्र देऊ नका. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सुरक्षेची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते.

प्रश्न : आयटी विभागाने दिलेला मासिक अंदाज आणि प्रत्यक्ष बिल यांत मोठा फरक पडतो असे ऐकतो. लेखा विभागाने काय तपासावे? (सनदी लेखापाल, ठाणे)

अंदाजात बहुधा मशीन आणि डिस्क एवढेच असते. पुढच्या ओळी आहेत का ते पाहा: बाहेर जाणारा डेटा, बॅकअपच्या प्रती, सार्वजनिक आयपी, लॉगची साठवण, सपोर्ट योजना, लीज्ड लाइन किंवा व्हीपीएन, आणि जुने व नवे दोन्ही एकाच वेळी चालण्याचा काळ. हा शेवटचा आकडा जवळजवळ नेहमी विसरला जातो. दोन महिने ठरवलेला दुहेरी काळ चार महिने लांबला तर पहिल्या वर्षाची बचत त्यातच जाते. १८ टक्के जीएसटीची इनपुट क्रेडिट मिळत असली तरी रोखीचा प्रवाह त्यासकट मांडा.

क्लाउडचा महिना ७३० तासांचा धरतात. विकसन आणि चाचणीची मशीन कामाच्या वेळेतच चालली, २२ दिवस रोज १० तास, तर २२० तास होतात, म्हणजे ३० टक्के. पण मशीन बंद असले तरी डिस्कचे भाडे चालूच राहते. अझुरवर तर विंडोजच्या आतून शटडाउन केले तर मशीनचे भाडेही चालू राहते. पोर्टलवरून किंवा स्क्रिप्टने ते ‘डीअलोकेट’ करावे लागते. प्लॅटफॉर्ममध्ये एक साधी चौकशी लावा: गेल्या ७ दिवसांत सीपीयू शून्य आणि बिल मात्र चालू, अशी मशीन दाखव.

लायसन्स हा वेगळाच विषय, दोनच गोष्टी सांगतो. सर्व्हरसोबत आलेले ओईएम विंडोज लायसन्स क्लाउडवर नेता येत नाही. आणि एसक्यूएल सर्व्हरचे कोअर लायसन्स प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला किमान ४ कोअरचे घ्यावे लागते, त्यामुळे २ कोअरची तीन छोटी मशीन करण्यापेक्षा डेटाबेस एका मशीनवर एकत्र करणे स्वस्त पडते.

बिल आणि सर्व्हरचा तक्ता जोडायचा दुवा म्हणजे टॅग, मशीनला चिकटवलेली माहितीची चिठ्ठी. अ‍ॅप्लिकेशन, मालक, खर्च केंद्र आणि टप्पा हे चार टॅग नसतील तर मशीन उभेच राहू नये, असे धोरण पहिल्या दिवसापासून लावा. नंतर टॅग लावत बसणे कुणीही पूर्ण करत नाही. दोन क्लाउड वापरणार असाल तर दोघांची बिले ‘फोकस’ या सामायिक साच्यात मागवा. त्याची १.० आवृत्ती जून २०२४ मध्ये आली.

तुमच्या विभागाशी संबंधित एक अट: इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोज घेणे, हे ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांवर बंधनकारक आहे. केंद्र निवडताना बॅकअपचे केंद्रही विचारा, कारण मुख्य मशीन मुंबईत आणि दुसरी प्रत सिंगापूरला, अशी मांडणी कुणीतरी सहज करून ठेवते.

प्रश्न : ६ टीबी डेटा आहे आणि १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन. शनिवारी रात्री सुरू करून सोमवारी सकाळी काम चालू होईल का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही होणार. लाइनचा ७० टक्के भाग मिळाला तरी ६ टीबीला सुमारे ८ दिवस सलग लागतात. फक्त रात्रीचे १० तास वापरले तर १९ रात्री. म्हणून पूर्ण प्रत तीन आठवडे आधी सुरू करायची आणि नंतर फक्त बदल पाठवत राहायचे. बदल किती होतो हे प्लॅटफॉर्मकडून घ्या: बॅकअपच्या रोजच्या इन्क्रिमेंटलचा (फक्त बदललेल्या भागाच्या प्रतीचा) आकार हा त्याचा चांगला अंदाज असतो. तो ४० जीबी असेल तर त्याच लाइनवर सव्वा तासात जातो. महिनाअखेरीला तो १५० जीबी होत असेल तर त्या रात्री पावणेपाच तास लागतील, तेव्हा कटओव्हर (काम नव्या जागी वळवणे) १० ते १८ तारखेच्या मधल्या शनिवारी ठेवा, ११ तारीख टाळून.

डीएनएसचा टीटीएल (मशीनने जुना पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. तो ८६,४०० असेल आणि तुम्ही ऐनवेळी बदललात, तर काही मशीन दिवसभर जुन्या सर्व्हरवरच जात राहतील आणि नव्या नोंदी दोन ठिकाणी पडतील.

घड्याळ तपासा. क्लाउडवरची मशीन सहसा यूटीसी वेळेवर (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) उभी राहतात. रात्री ११ ला चालणारे काम मग आपल्या पहाटे साडेचारला चालते आणि ९ वाजता लोक येतात तेव्हाही संपलेले नसते. अझुर एसक्यूएल डेटाबेस तर कायम यूटीसीवरच चालतो, तिथे वेळ बदलताच येत नाही. सर्व्हरची तारीख घेऊन बिल बनवणारे सॉफ्टवेअर असेल तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळातल्या बिलांवर आदल्या दिवसाची तारीख पडते. १ एप्रिलच्या पहाटे तर ती मागच्या आर्थिक वर्षात जाते. अझुरचाच मॅनेज्ड इन्स्टन्स हा दुसरा प्रकार घेतला तर भारतीय वेळ ठरवता येते, पण फक्त तो तयार करतानाच. प्लॅटफॉर्ममध्येही सगळ्या नोंदी यूटीसीत साठवा आणि दाखवताना भारतीय वेळ दाखवा. काही स्रोत एका वेळेत, काही दुसऱ्या, असे झाले की जोडण्यांचे तक्ते साडेपाच तासांनी सरकतात आणि कारणाच्या आधी परिणाम दिसू लागतो.

परत फिरण्याची वेळ कागदावर लिहा. नव्या डेटाबेसमध्ये पहिली खरी नोंद पडली की जुन्याकडे परतणे म्हणजे ती नोंद गमावणे किंवा उलट दिशेने पाठवणे. रविवारी दुपारी २ पर्यंत ठरलेल्या चाचण्या उतरल्या नाहीत तर परत, असा निर्णय आधी घेतलेला असावा आणि तो अ‍ॅप्लिकेशनच्या मालकाच्या सहीने.

प्रश्न : स्थलांतर झाले. लोक म्हणतात ‘हळू चालते’, आयटी म्हणते सीपीयू ३० टक्केच आहे. खरे कोणाचे? (हॉटेल समूह, पणजी)

बहुधा लोकांचे. पण जुन्या जागेवरचे माप नसेल तर सिद्ध करता येत नाही. स्थलांतरापूर्वीच रोजच्या पाच-सहा कृती निवडायच्या, तुमच्या बाबतीत चेक-इनचा स्क्रीन, बिल छापणे, रात्रीचे नाइट ऑडिट, आणि त्यांना लागणारा वेळ ३५ दिवस नोंदवायचा. नंतर तोच आलेख त्याच प्लॅटफॉर्ममध्ये पुढे चालू ठेवायचा. आता जुने माप हाती नसेल तर जुन्या बॅच कामांच्या सुरुवातीच्या व शेवटच्या वेळा डेटाबेसच्या जॉब इतिहासात शोधा. तेवढा तरी पुरावा मिळतो.

सीपीयू मोकळा आणि काम हळू, याचा पहिला संशयित डिस्क. एडब्ल्यूएसची जीपी२ प्रकारची १०० जीबीची डिस्क कायम ३०० आयओपीएस (सेकंदाला तेवढी वाचने-लेखने) देते आणि कमी वापराच्या वेळी साठलेल्या शिल्लक क्रेडिटवर काही काळ ३,००० पर्यंत जाते. पूर्ण भाराखाली ती शिल्लक सुमारे ३३ मिनिटांत संपते. म्हणून १५ मिनिटांच्या चाचणीत सगळे सुरळीत वाटते आणि दोन तासांचे नाइट ऑडिट मध्येच बसते. त्याच जागी जीपी३ डिस्क आकार काहीही असला तरी ३,००० आयओपीएस देते. डिस्कच्या रांगेची लांबी आणि शिल्लक क्रेडिट ही दोन मोजमापे प्लॅटफॉर्ममध्ये घ्या, एका दिवसात उत्तर मिळेल. अझुरच्या बी मालिकेतली मशीनही क्रेडिटवर चालतात, तिथे हाच प्रकार सीपीयूच्या बाबतीत होतो: क्रेडिट संपले की मशीन ठरलेल्या खालच्या पातळीवर दाबून ठेवले जाते, आणि आलेखात दिसते ते निवांत ३० टक्के.

डिस्क निर्दोष निघाली तर वर नाशिकला दिलेले फेऱ्यांचे गणित तपासा.

प्रश्न : जुने सर्व्हर कधी बंद करावेत? (पुणे)

जोडण्यांच्या तक्त्यात जुन्या सर्व्हरकडे येणाऱ्या रेषांवर लक्ष ठेवा. सामायिक सेवा वगळून ३५ दिवस एकही नवी रेषा आली नाही, की मशीन बंद न करता आधी त्याची नेटवर्क जोडणी तोडा. कुणी ओरडले तर पाच सेकंदांत परत जोडता येते. जुने हार्डवेअर मात्र एकदा बंद केले की पुन्हा सुरू होईलच असे नाही, डिस्क थंड झाल्या की बसतात. असे आणखी एक महिनाअखेर जाऊ द्या. तिमाही कामे असलेल्या सर्व्हरला एक तिमाही.

त्यानंतर शेवटची पूर्ण प्रत घ्या, ती एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा आणि मगच पुसा. हिशेबाच्या वह्या कंपनी कायद्याने ८ आर्थिक वर्षे ठेवायच्या असतात. जुन्या ईआरपीची नुसती डेटा फाइल ठेवून उपयोग नाही. ती उघडणारी सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि लायसन्सही त्याच सोबत ठेवा, आणि प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरच्या तक्त्यात त्या नोंदीसमोर ‘निवृत्त’ लिहून प्रत कुठे आहे ते नमूद करा. व्हर्च्युअल मशीन पुसल्यावर बॅकअपच्या टूलमधले त्याचे काम, डीएनएसची नोंद, फायरवॉलचा नियम आणि मॉनिटरिंगचे लायसन्स हे चारही काढा. फायरवॉलचा नियम राहिला आणि तोच आयपी पुढे दुसऱ्या मशीनला मिळाला, तर त्या मशीनला न मागता वाट उघडी मिळते.